परक्या पैशाविना मंडळी: चीन आणि जालना

जालन्याच्या बाजारपेठेत चीनचे नाव निघते ते बहुधा लोखंडाच्या भावाच्या निमित्ताने. तिकडे पोलाद स्वस्त झाले की येथील रोलिंग मिलवाल्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. एरवी चीन म्हणजे १९६२ चे युद्ध, सीमेवरचा तणाव, दुकानांतील स्वस्त माल आणि फार तर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची स्मृती, एवढाच आपला त्या देशाशी परिचय. त्या देशात ख्रिस्ती माणसे राहतात आणि त्यांची संख्या आपल्याकडील ख्रिस्ती समाजाच्या कितीतरी पट आहे, ही गोष्ट आपल्या फारशी ध्यानात येत नाही. चीन सरकारने एप्रिल २०१८ मध्ये धर्मविषयक श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. तीत प्रॉटेस्टंटांची संख्या ३ कोटी ८० लाख आणि कॅथलिकांची ६० लाख दिली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार साऱ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक १० लाख ८० हजार, म्हणजे जेमतेम एक टक्का. ज्या राज्यात मिशनऱ्यांना दीडशे वर्षे जवळजवळ मुक्तद्वार होते तेथे ही स्थिती, आणि ज्या देशाने १९५० नंतर मिशनऱ्यांना बाहेर काढले, देवळे बंद केली, धर्मोपदेशकांना तुरुंगात टाकले, तेथे ती स्थिती. हे कोडे केवळ धर्मशास्त्र्यांनी सोडवावयाचे नाही. त्याच्या पोटात अर्थशास्त्राचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. तो असा की, धर्मसंस्थेचा खर्च कोणी चालवावयाचा, आणि जो चालवितो त्याचा तिच्यावर अधिकार किती?

या प्रश्नाच्या चर्चेत जालन्याला बोलण्याचा थोडा हक्क आहे. चिनी चर्चचा आज जो अधिकृत मंत्र आहे त्याला तेथे ‘त्रि-स्व’ म्हणतात: स्वशासन, स्वावलंबन आणि स्वप्रसार. मंडळीचा कारभार तिनेच पाहावा, पैसा तिनेच उभारावा, प्रसारही तिनेच करावा. हा मंत्र कम्युनिस्टांनी शोधला असा पुष्कळांचा समज आहे, तो खरा नाही. तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दोन मिशनरी चिटणीसांनी मांडला. एक लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन आणि दुसरे बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन. यांपैकी अँडरसन हे १८५४ च्या अखेरीस हिंदुस्थानात आले, मुंबईत उतरले आणि अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) गेले. तेथील अमेरिकन मराठी मिशनची इंग्रजी शाळा या भेटीच्या परिणामी बंद झाली. शिक्षण मराठीतून द्यावे, खेडोपाडी लहान मंडळ्या उभ्या कराव्यात आणि त्यांवर देशी पाळक नेमावेत, असा त्यांचा आग्रह होता. हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती याच सुमारास. म्हणजे ज्या विचाराच्या नावाने आज बीजिंगचे सरकार आपल्या प्रजेतील ख्रिस्ती लोकांना वागविते, त्या विचाराचा एक आरंभीचा प्रयोग मराठी मुलखात झाला होता. (छापखान्याचेही नाते आहे. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये ज्या श्रीरामपूरला, बंगालच्या, छापले गेले, तेथूनच जोशुआ मार्शमन यांचे संपूर्ण चिनी बायबल १८२२ मध्ये बाहेर पडले.)

जालन्याचा प्रयोग याहून वेगळा आणि अधिक मनोवेधक. त्याचे कर्ते रेव्हरंड नारायण शेषाद्रि. मराठी वाचकाला शेषाद्रि हे आडनाव ऐकून प्रथम आठवते ते श्रीपत शेषाद्रीचे प्रकरण. नारायण यांनी १८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनकडून बाप्तिस्मा घेतला, त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच वाटेने निघाला, वडील न्यायालयात गेले आणि मुलगा त्यांच्या ताब्यात देण्यात आला. ख्रिस्ती लोकांच्या पंक्तीला बसलेल्या त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावरून ब्रह्मवृंदात जे रण माजले त्यात बाळशास्त्री जांभेकरांनी शुद्धीचा पक्ष घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ही कथा येथे संपते. थोरल्या भावाचे पुढे काय झाले याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही.

थोरले भाऊ १८५४ मध्ये दीक्षित पाळक झाले आणि १८६० नंतरच्या दशकात निजामाच्या राज्यात, जालन्यास आले. जालना तेव्हा फौजेच्या छावणीचे गाव होते. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या माणसाचे अनुयायी बव्हंशी मांग समाजातील होते, ही बाब मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्याच्या भावाच्या पंक्तीवरून मुंबई पेटली होती तो गावकुसाबाहेरच्या माणसांच्या पंक्तीला येऊन बसला. पण शेषाद्रींच्या लवकरच ध्यानात आले असावे की, बाप्तिस्म्याने माणसाचा पेशा बदलत नाही. गावकीच्या कामावर, बलुत्यावर जगणारा माणूस ख्रिस्ती झाला की गाव त्याचे बलुते बंद करतो. मग तो मिशनच्या बंगल्याकडे पाहू लागतो. ही पराधीनता टाळावयाची तर त्याला जमीन हवी, विहीर हवी, हातात कसब हवे. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळविली आणि तेथे ‘बेथेल’ नावाचे गाव वसविले. बेथेल म्हणजे देवाचे घर. एका मुसलमान राज्याच्या दिवाणाने, एका ब्राह्मण पाळकाला, मांग ख्रिस्त्यांच्या गावासाठी जमीन द्यावी, असा योग आपल्या इतिहासात वारंवार येत नाही. गावात शेती होती, कारागिरी होती, शाळा आणि उपासनेचे मंदिर होते. नव्या ख्रिस्ती कुटुंबांनी स्वतःच्या कष्टाने पोट भरावे आणि आपली मंडळी आपणच चालवावी, ही त्यामागची कल्पना.

हेच शेषाद्रि १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस गेले. डोईवर पागोटे घातलेला हा हिंदी पाळक अस्खलित इंग्रजीत बोलताना पाहून तेथील श्रोते चकित झाले. अमेरिकेत आणि स्कॉटलंडमध्ये त्यांनी आपल्या कार्यासाठी मदतीचे आवाहन केले. येथे त्या प्रयोगातील विसंगती दिसते. स्वावलंबी गाव उभारण्यासाठी भांडवल लागते आणि ते भांडवल समुद्रापलीकडून आणावे लागते. भांडवलटंचाईच्या प्रत्येक अर्थव्यवस्थेपुढे हाच पेच असतो, तेव्हा त्यासाठी शेषाद्रींना दोष देण्याचे कारण नाही. १८९१ मध्ये ते निवर्तले. एका माणसाच्या उमेदीवर उभ्या असलेल्या उद्योगाचे त्याच्या पश्चात जे होते ते बेथेलचेही झाले. शतकाअखेरच्या दुष्काळांनी मराठवाड्याची शेती मोडली आणि मंडळीचा खरा आधार पुन्हा मिशन हाच राहिला.

आता चीनकडे वळू. तेथे ख्रिस्ती धर्म तसा जुना. सियान येथे इ. स. ७८१ मध्ये उभारलेला शिलालेख आहे, त्यात सातव्या शतकात आलेल्या सिरियन परंपरेच्या ख्रिस्त्यांची हकीकत कोरलेली आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात मात्तेओ रिची आदी जेझुइट आले, त्यांनी चिनी पोशाख आणि चिनी विद्या आत्मसात केली. पितरांच्या पूजेस मोकळीक द्यावी की नाही या वादात रोमने नकार दिला आणि तो अध्याय मिटला. पण चिनी मनावर ठसा उमटला तो तिसऱ्या आगमनाचा, आणि तो ठसा तोफेच्या धुराचा होता. मुंबईच्या भरभराटीत माळव्याच्या अफूचा वाटा किती मोठा होता हे आर्थिक इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. ती अफू चीनमध्ये उतरविणाऱ्या एका व्यापारी जहाजावर दुभाष्या म्हणून काम करणारा कार्ल गुट्झलाफ हा मिशनरी होता. त्याच फेरीत तो किनाऱ्यावर धर्मपुस्तिका वाटी. अफूच्या युद्धांनंतर जे तह लादले गेले त्यांत १८५८ आणि १८६० सालच्या तहांनी मिशनऱ्यांना अंतर्भागात संचाराची मुभा आणि धर्मांतरितांना संरक्षण दिले. ‘एक ख्रिस्ती वाढला की एक चिनी घटला’ अशी म्हण तेथे रूढ झाली ती उगीच नव्हे. १९०० च्या बॉक्सर बंडात हजारो चिनी ख्रिस्ती मारले गेले. बंड मोडल्यावर परकीय सत्तांनी ४५ कोटी तैल चांदीची खंडणी वसूल केली.

शानतुंग प्रांतात जॉन नेव्हियस नावाचा अमेरिकन मिशनरी होता. १८८५ च्या सुमारास त्याने लेखमाला लिहून आपल्याच सहकाऱ्यांच्या पद्धतीवर टीका केली. परदेशी पैशातून देशी प्रचारकाला पगार दिला की तीन गोष्टी होतात, असे त्याचे म्हणणे: प्रचारक शेजाऱ्यांच्या नजरेत भाडोत्री ठरतो, ज्यांना पगार नाही ते प्रचार करावयाचे सोडतात आणि पगाराच्या आशेने नको ती माणसे भोवती गोळा होतात. अर्थशास्त्राच्या भाषेत, दाम चुकीच्या वस्तूला लावला की पुरवठाही चुकीच्या वस्तूचा होतो. चीनमधील त्याच्या सहकाऱ्यांनी हे फारसे मनावर घेतले नाही. कोरियात मात्र नव्याने आलेल्या मिशनऱ्यांनी १८९० मध्ये त्याला बोलावून घेतले आणि ती पद्धत उचलली. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला, त्यामागेही हीच टोचणी होती. दोनच वर्षांत टिळक गेले आणि दरबाराचा प्रयोग खुंटला.

याच शानतुंगमध्ये १९२० नंतर ‘येशू कुटुंब’ नावाची एक चळवळ निघाली. जिंग द्येनयिंग हा तिचा चिनी संस्थापक. सभासदांनी आपली खाजगी मालमत्ता सोडावयाची, एकत्र शेती करावयाची, एकत्र जेवावयाचे, एकत्र प्रार्थना करावयाची. परदेशी पैसा नाही, परदेशी पाळक नाही. दुष्काळ, पूर, जपानी आक्रमण आणि यादवी यांच्या काळात अशा कुटुंबांची संख्या वाढत गेली. बेथेल आणि येशू कुटुंब यांची तुलना केल्यावाचून मला राहवत नाही. एकात दिवाणाची जमीन, परदेशी देणगी आणि एक असामान्य नेता. दुसऱ्यात स्वतःची तुटपुंजी जमीन, सामायिक दारिद्र्य आणि कठोर शिस्त. पहिला प्रयोग आटत गेला, दुसरा मारला गेला. कम्युनिस्टांना प्रारंभी या खेड्यांचे कौतुक वाटले, कारण ज्याची ते घोषणा करीत होते ते येथे आधीच चालू होते. पुढे १९५२ च्या सुमारास ती मोडून टाकण्यात आली आणि संस्थापकास अटक झाली. ज्या राजवटीने पुढे सहा वर्षांनी साऱ्या देशावर कम्यून लादले, तिला आपणहून झालेले कम्यून सहन झाले नाही.

१९४९ नंतरचा घटनाक्रम थोडक्यात असा. जुलै १९५० मध्ये वू याओत्सुंग यांनी साम्राज्यवादाशी नाते तोडण्याचा जाहीरनामा काढला, त्यावर पुढे चार लाखांवर सह्या झाल्या. कोरियाचे युद्ध पेटल्यावर डिसेंबर १९५० मध्ये अमेरिकन मालमत्ता गोठविण्यात आल्या. मिशनची रुग्णालये, शाळा आणि तेरा प्रॉटेस्टंट विद्यापीठे दोनएक वर्षांत सरकारजमा झाली. १९५४ मध्ये ‘त्रि-स्व देशभक्त चळवळ’ स्थापन झाली, १९५७ मध्ये कॅथलिकांसाठी तशीच संघटना. जे या चौकटीत येण्यास नकार देत, त्यांची रवानगी तुरुंगात होई. बीजिंगचे वांग मिंगदाओ १९५५ मध्ये पकडले गेले, तर वॉचमन नी श्रमछावणीतच १९७२ मध्ये वारले. १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीत अधिकृत देवळेही बंद झाली.

१९७९ मध्ये देवळे पुन्हा उघडू लागली तेव्हा जगाला आश्चर्याचा धक्का बसला. १९४९ मध्ये जे प्रॉटेस्टंट सुमारे दहा लाख होते, ते नाहीसे झाले नव्हते, वाढले होते. इमारत नाही, पगारी पाळक नाही, छापील ग्रंथ नाही. घराघरांतून जमणाऱ्या चारदोन माणसांनी, त्यांतही बहुधा स्त्रियांनी, धर्म जिवंत ठेवला होता. मिशनऱ्यांनी शंभर वर्षे ज्या स्वावलंबनाचे पाठ दिले ते त्यांच्या गैरहजेरीत साध्य झाले.

येथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह आवरावयास हवा. छळ झाला म्हणून धर्म वाढला, असे विधान व्यासपीठावर टाळ्या मिळविते, पण ते तपासावे लागते. छळाने धर्म समूळ नाहीसा झाल्याची उदाहरणेही इतिहासात आहेत. चीनच्या खेड्यांतील वाढीचा जोर १९८० नंतरचा आहे, आणि त्या काळात तेथे काय घडत होते ते पाहिले पाहिजे. कम्यून मोडले, शेत पुन्हा कुटुंबाकडे आले, उत्पन्न वाढले. पण कम्यूनच्या निधीवर चालणारी सहकारी आरोग्यव्यवस्था, ते ‘अनवाणी डॉक्टर’, हेही त्याबरोबर गेले. आजारी माणसाला आता रोख पैसे मोजावे लागत. ग्रामीण भागातील पाहण्यांत ख्रिस्ती होण्याचे कारण म्हणून स्वतःचे वा घरातल्या कोणाचे आजारपण पुन्हा पुन्हा पुढे येते. शेजारणी येऊन प्रार्थना करीत, उशाशी बसत, पेज करून देत. राज्याने काढून घेतलेली सेवा शेजारधर्माने भरून काढली. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यांतील निरक्षर बायकांना आरोग्यसेविका बनविले, तोही गरजेचा असाच शोध होता. फरक इतका की तेथे उद्देश धर्मविस्ताराचा नव्हता.

आकड्यांविषयीही सावध असावे. सरकारी आकडा ३ कोटी ८० लाख; काही परदेशी ख्रिस्ती संस्था दहा कोटींच्या गोष्टी करतात; उलट अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२३ मध्ये चिनी पाहण्यांच्या आधारे म्हटले की, स्वतःला ख्रिस्ती म्हणविणारे प्रौढ सुमारे दोन टक्केच असून २०१० ते २०१८ या काळात त्यांत वाढ दिसत नाही. धर्म विचारणाऱ्या परक्या माणसाला चीनमध्ये कोण खरे उत्तर देईल, हा भाग आहेच. सरकार, मिशनरी आणि संशोधक या तिघांचे तीन आकडे असतील तर प्रत्येकाला त्या आकड्याची गरज कशासाठी आहे, हे आधी विचारावे, असे आम्ही सांख्यिकीच्या वर्गात सांगतो.

वाढीच्या दुसऱ्या टप्प्याचे केंद्र वेनचौ हे किनाऱ्यावरचे शहर. बटणे, पादत्राणे, चष्म्यांच्या चौकटी अशा किरकोळ वस्तूंच्या कारखानदारीवर ते श्रीमंत झाले. ख्रिस्ती लोकांच्या दाट वस्तीमुळे त्याला ‘चीनचे जेरुसलेम’ म्हणतात. तेथील कारखानदार मालक मंडळीचे वडीलही असत, देवळे बांधण्यात त्यांची चढाओढ लागे, आणि कारखाना जसा चालवावा तसा ते मंडळीचा कारभार चालवीत. आपल्या व्यापारपेठांतून मारवाडी-गुजराती शेठजी जशी मंदिरे आणि धर्मशाळा बांधीत, तसाच हा प्रकार. परदेशी देणगीदाराची जागा स्थानिक शेठजीने घेतली. मंडळी स्वावलंबी झाली खरी, पण तिचा आवाज थोडा शेठजीसारखा झाला. नेव्हियसने या शक्यतेचा विचार केला नव्हता.

आणि मग राज्याने आपला हात दाखविला. एप्रिल २०१४ मध्ये वेनचौचे सानजियांग येथील भव्य देऊळ जमीनदोस्त करण्यात आले. बेकायदा बांधकाम हे कारण देण्यात आले. पुढील दोन वर्षांत त्या प्रांतातील शेकडो देवळांच्या शिखरांवरील क्रूस उतरविले गेले, त्यांत कितीतरी देवळे त्रि-स्व चळवळीची, म्हणजे सरकारमान्य होती. १ फेब्रुवारी २०१८ पासून धर्मविषयक नवे नियम लागू झाले, त्याच वर्षी धर्मखाते थेट पक्षाच्या संयुक्त आघाडी विभागाखाली गेले आणि संकेतस्थळांवरील बायबलची विक्री थांबली. चंगतू येथील नोंदणी न केलेल्या मंडळीचे पाळक वांग यी यांना डिसेंबर २०१८ मध्ये पकडून वर्षभराने नऊ वर्षांची शिक्षा झाली. अनेक ठिकाणी अठरा वर्षांखालील मुलांना देवळात येण्यास मनाई आहे. ‘चिनीकरण’ हा परवलीचा शब्द झाला आहे. गंमत म्हणजे याच चीनमध्ये, नानजिंगला, १९८८ पासून चालणारा ॲमिटी छापखाना जगातील सर्वांत मोठ्या बायबल-छापखान्यांत मोडतो; २०१९ पर्यंत त्याने वीस कोटी प्रती छापल्या, आणि त्यांतील कितीतरी परदेशी ग्राहकांसाठी होत्या. ज्याची निर्यात खुली आणि देशातील विक्री नियंत्रित, अशा वस्तू समाजवादी अर्थव्यवस्थांत पूर्वीही असत. कॅथलिकांच्या बाबतीत बिशप कोणी नेमावा याविषयी व्हॅटिकनने सप्टेंबर २०१८ मध्ये बीजिंगशी तात्पुरता करार केला आणि तो तीनदा वाढविला. हाँगकाँगचे कार्डिनल झेन यांनी त्यावर कडाडून टीका केली आहे.

तीन ‘स्वां’पैकी चीनमध्ये स्वावलंबन आले, स्वप्रसार आला, स्वशासन मात्र राज्याने आपल्याकडे ठेवून घेतले. चीनच्या घटनेच्या ३६ व्या कलमात ‘सामान्य’ धर्माचरणास संरक्षण आहे आणि धर्मसंस्थांवर परकीय वर्चस्व असता कामा नये असेही बजावले आहे. सामान्य काय ते ठरविणार राज्य. परक्याचे वर्चस्व नको हे कोणीही मान्य करील. पण स्वकीय राज्याच्या वर्चस्वाविरुद्ध दाद मागण्याची सोय त्या कलमात नाही. आपल्या घटनेच्या २५ व्या कलमात आचरणाबरोबर प्रसाराचाही हक्क आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असा निर्णय दिला, तो मान्य असो वा नसो, निदान त्यावर न्यायालयात उभे राहून वाद घालता आला. हा फरक लहान नाही, आणि चीनच्या चर्चचे आकडे पाहून भारावणाऱ्यांनी तो विसरू नये.

तथापि आपल्याकडचे चित्र समाधानाचे आहे असे म्हणवत नाही. चीनमध्ये संस्था गेल्या आणि माणसे राहिली. आपल्याकडे संस्था राहिल्या. शाळा, दवाखाने, बंगले, शहराच्या मध्यभागी मोक्याच्या जमिनी. स्कॉटिश मिशनच्या कामातून उभे राहिलेले जालन्याचे मिशन हॉस्पिटल जालनेकरांना चांगले परिचित आहे. नोव्हेंबर १९७० मध्ये नागपूरला उत्तर भारतातील सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि स्वशासन कागदोपत्री पूर्ण झाले. पण ठिकठिकाणी चर्चची शक्ती मालमत्तेच्या दाव्यांत खर्च होत आहे, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्याला सांगावयास नको. परदेशी पैशाचा ओघ तर कायद्यानेच आवळत आणला आहे. विदेशी देणग्यांचा पहिला कायदा आणीबाणीतला, १९७६ चा. दुसरा २०१० चा. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने अशी देणगी प्रथम स्टेट बँकेच्या दिल्लीतील एकाच शाखेत येणे, ती दुसऱ्या संस्थेकडे न वळविणे आणि प्रशासनाचा खर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवणे बंधनकारक झाले. चीनच्या २०१८ च्या नियमांत एक लाख युआनवरील परदेशी देणगीस सरकारी परवानगी लागते. दोन राज्यपद्धतींत इतके अंतर असूनही या एका बाबतीत त्यांचे कायदे एकमेकांजवळ येत आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

मग येथील मंडळी स्वतःच्या पायावर का उभी राहत नाही, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर कापणीच्या सणाच्या दिवशी मिळते. खरिपाची वा रब्बीची रास घरी आली की मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हा सण होतो. ज्वारी-बाजरीची पोती, भोपळे, केळी, अंडी, एखादी कोंबडी किंवा बोकड देवळात येतो आणि उपासना झाल्यावर त्याचा लिलाव पुकारला जातो. पाचदहा रुपयांची वस्तू शंभरावर जाते, घेणारा ती पुन्हा अर्पण करतो, पुन्हा बोली लागते. बाजारभावाचा कोणताही सिद्धांत येथे लागू पडत नाही, आणि मला हा लिलाव फार आवडतो, कारण येथे देणारा आपली ऐपत नव्हे तर आपली इच्छा बोलून दाखवितो. पाळकसाहेबांच्या मानधनाचा एक भाग यातून निघतो. परंतु हा सण पावसावर अवलंबून आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत होता. ज्या वर्षी मंडळीतील कुटुंबांना मदतीची सर्वाधिक गरज, त्याच वर्षी मंडळीची पेटी रिकामी. साऱ्या सभासदांचे उत्पन्न एकाच कारणाने एकाच वेळी बुडत असेल तर आपापसांतील मदत चालत नाही, हे सहकारी पतपेढ्यांच्या अनुभवाने आपण जाणतो. वेनचौच्या कारखानदाराचा नफा मृगाच्या पावसावर ठरत नाही.

अशा प्रदेशात मंडळीचा कणा असतो तो महिन्याच्या महिन्यास पगार आणणारा सभासद. शिक्षक, कारकून, परिचारिका, रेल्वेतला नोकर. पूर्वी मिशनच्या शाळा-दवाखान्यांनी हा वर्ग निर्माण केला. त्यानंतर तो कोठून यावा? येथे बेथेलच्या वारसांची गोष्ट चीनपासून पूर्णतः फुटते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्या शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या. मांग कुटुंबातला माणूस ख्रिस्ती म्हणून नोंदला गेला की त्याची वस्ती तीच राहते, शेजारी त्याला त्याच नावाने ओळखतात, सोयरिकी जुळतात त्याही बहुधा तशाच. फक्त राखीव जागेवरील त्याचा दावा जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या सूसै खटल्यात म्हटले की, धर्मांतरानंतरही तेवढीच हलाखी टिकून राहते हे पुराव्याने दाखविले पाहिजे. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये सवलतीचा धर्माशी असलेला संबंध तोडण्याची शिफारस केली, ती स्वीकारली गेली नाही. याचा परिणाम असा की, पुष्कळ कुटुंबे शाळेच्या दाखल्यावर हिंदू राहतात आणि रविवारी उपासनेला येतात. जनगणनेच्या एक टक्क्यात ती नसतात. मंडळीच्या रजिस्टरात त्यांचे नाव घालावे की नाही, हा पाळकापुढचा प्रश्न. घातले तर मुलाची नोकरी धोक्यात, न घातले तर मंडळीच्या सभेत त्याला मत नाही. चीनमध्ये ख्रिस्ती माणूस पक्षाचे सभासदत्व गमावण्याच्या भीतीने नाव लपवितो, येथे अनुसूचित जातीचा दाखला गमावण्याच्या भीतीने.

बेथेलला जमीन मिळाली तेव्हा सालारजंगांनी मांगांचा धर्म विचारला नव्हता. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर आयोग नेमला. त्याला दोन वर्षांची मुदत होती, ती पुढे वाढविण्यात आली.